काळी खिडकी, पांढरी अक्षरं : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात भूकंपधोक्याचं गणित संगणकावर कसं मांडतात ते लिहिलं होतं. लेखाच्या शेवटी सहज म्हणून गेले, की ‘ओपनक्वेक’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, उतरवून घ्या आणि टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतून, चालवून बघा. ‘सहज’ हा शब्द मला महाग पडला. आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांचा सूर ‘चालत नाही’ असा आहे आणि उरलेल्यांचा ‘चाललं, पण हे काय आलं?’ असा. दुसऱ्या गटातल्या पत्रांना आज जास्त जागा देते.

एक खुलासा आधीच करते. आज्ञा इथे उच्चारानुसार देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि आकडेही इंग्रजीच वापरून द्यायच्या. हे सांगायची गरज पडेल असं मला वाटलं नव्हतं, पण पडली.

प्रश्न : ताई, मी ‘ओक्यू इंजिन --रन जॉब.आयएनआय’ अशी आज्ञा दिली, तर फाइल सापडत नाही म्हणतंय. फाइल माझ्या डोळ्यांसमोर आहे! मला अहोजाहो करू नका, मी एम.टेक.च्या पहिल्या वर्षाला आहे.

बरं, अगं म्हणते. फाइल तुझ्या डोळ्यांसमोर असेल, टर्मिनलच्या नाही. टर्मिनल एका वेळी एकाच फोल्डरमध्ये उभं असतं. आधी ‘सीडी’ देऊन त्या फोल्डरमध्ये जा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत घाल, नाहीतर पहिल्या शब्दापाशीच तो तुटू शकतो. मग फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागव. विंडोजवर ‘डीआयआर’, इतरत्र ‘एलएस’. माझा अंदाज असा, की तुला तिथे ‘जॉब.आयएनआय.टीएक्सटी’ दिसेल. नोटपॅडने शेपूट जोडलेलं असतं आणि विंडोज ते लपवून ठेवतं. नाव बदल, चालेल.

नाही चाललं तर ‘ओक्यू --व्हर्जन’ देऊन बघ. त्यालाही उत्तर आलं नाही, तर मुळात सॉफ्टवेअरच नीट बसलेलं नाही. फाइलला दोष देऊ नकोस.

प्रश्न : गणना सुरू होते आणि काही सेकंदांत थांबते. निरोपाचा अर्थ असा, की सगळे भूकंपस्रोत गाळले गेले, एकही उरला नाही. माझ्या सोर्स मॉडेलमध्ये चौदा स्रोत आहेत. गेले कुठे?

स्रोत जागेवरच आहेत, तुमची जागा हलली आहे. तुम्ही पाठवलेली जॉब फाइल, म्हणजे गणनेच्या सूचनांची फाइल, पाहिली. ‘साइट्स’ या ओळीत तुम्ही आधी अक्षांश आणि मग रेखांश लिहिलाय. शाळेत आपण ‘अक्षांश-रेखांश’ याच क्रमाने घोकलं, बोलतानाही तसंच बोलतो. या सॉफ्टवेअरला मात्र आलेखासारखा आडवा आकडा आधी लागतो, म्हणजे रेखांश पहिला. उलटा दिलात तर तुमची इमारत पृथ्वीच्या भलत्याच कोपऱ्यात जाते. ‘मॅक्झिमम डिस्टन्स’ तुम्ही २०० ठेवलंय. तितक्या किलोमीटरांच्या आत एकही स्रोत सापडला नाही, म्हणून सगळे गाळले. यंत्राने तुमचं ऐकलं, इतकंच.

खरं तर तुमचं नशीब चांगलं, की चूक ओरडून बाहेर आली. अक्षांश आणि रेखांश जवळपास सारखे असते, तर उलटलेली जागासुद्धा त्याच प्रदेशात पडली असती आणि एक छानसं, पूर्ण चुकीचं उत्तर मिळालं असतं.

आणखी एक गोष्ट दिसली. पुढे तुम्ही तिथेही अडकणार, म्हणून आत्ताच सांगते. प्रत्येक स्रोताला एक भूरचनेचा प्रकार जोडलेला असतो: सक्रिय उथळ कवच, स्थिर कवच, प्लेट दुसरीखाली सरकते तो भाग, वगैरे. जमिनीच्या हादऱ्याची सूत्रं, म्हणजे ग्राउंड मोशन मॉडेल्स, ज्या दुसऱ्या फाइलमध्ये असतात तिथेही हेच प्रकार लिहावे लागतात आणि दोन्हीकडची नावं अक्षर न अक्षर जुळावी लागतात. तुमच्या एका फाइलमध्ये ‘ॲक्टिव्ह शॅलो क्रस्ट’ आहे, दुसरीत ‘ॲक्टिव्ह क्रस्ट’. माणसाला कळतं, यंत्राला नाही. आणि सूत्रांची नावं आठवणीतून लिहू नका. ‘ओक्यू इन्फो जीसिम्स’ दिलं की सगळी यादी पडद्यावर येते, तिथून उचला. मोठ्या रनच्या आधी ‘ओक्यू चेक_इनपुट जॉब.आयएनआय’ दिलंत तर अशा बऱ्याच चुका लवकर पकडल्या जातील.

प्रश्न : नमस्कार. मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, प्रोग्रॅमर नाही. पुनरावृत्ती काळ (तेवढा हादरा सरासरी किती वर्षांनी एकदा ओलांडला जातो तो) ४७५ वर्षं, एकच ठिकाण, एकच क्षेत्रीय स्रोत (भूकंप एका बिंदूऐवजी पसरलेल्या क्षेत्रात कुठेही). गणना सुरळीत पूर्ण झाली, एकही चूक दाखवली नाही. उत्तर आलं १.४. हे मीटर प्रति सेकंद वर्ग असेल असं धरून मी पुढे निघालो होतो, पण सहकारी म्हणतात की हे ‘जी’मध्ये असतं. मग हा आकडा अशक्य वाटतो. सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायचा की नाही?

सहकाऱ्यांना चहा पाजा. पीजीए, म्हणजे जमिनीचं कमाल त्वरण, इथे ‘जी’च्या पटीतच येतं. १.४ म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ दीडपट. एकक चुकवून पुढे गेला असतात, तर मोठी चूक लहान दिसली असती आणि तशीच आराखड्यात उतरली असती.

आता ती मोठी चूक. तुम्ही मोकळेपणाने सगळे आकडे दिलेत, म्हणून ती सापडली. तुमच्या भूकंपसूचीत ६० वर्षांत ४ किंवा त्याहून मोठ्या आकाराचे (मॅग्निट्यूड) १०० भूकंप आहेत. गुटेनबर्ग-रिश्टर नियमाची (भूकंप जितका मोठा तितका विरळ, हे सांगणाऱ्या) रेघ बसवून तुम्ही ‘बी’ १ काढलात आणि ‘ए’ ६. ‘ए’मधून ‘बी’ गुणिले आकार वजा केला, की उरतो तो दहाचा घात म्हणजे भूकंपांची संख्या. रेघ म्हणून बरोबर आहे: सहातून चार गेले, उरले दोन, म्हणजे दहाचा वर्ग, १०० भूकंप. पण हे १०० साठ वर्षांतले आहेत. सॉफ्टवेअरला ‘ए व्हॅल्यू’ लागते ती एका वर्षाची. तुम्ही ६ दिलंत, म्हणजे त्याला सांगितलंत की इथे दरवर्षी १०० भूकंप होतात. त्याच हिशेबाने ६ किंवा त्याहून मोठा भूकंप दरवर्षी एक! तुमच्या सूचीत तो साठ वर्षांत एकदाच आहे.

६० चा दहाच्या पायावरचा लॉगरिदम १.७८. तो सहातून वजा करा. ‘ए’ ४.२२ घाला आणि पुन्हा रन लावा. आणखी एक पथ्य: क्षेत्रीय स्रोताची ‘ए’ ही त्या संपूर्ण क्षेत्राची असते, प्रति चौरस किलोमीटर नव्हे. या दोन ठिकाणी घसरलेली मंडळी मी मोजणं सोडून दिलंय.

विश्वासाबद्दल विचारलंत, तर माझी पद्धत सांगते. प्रत्येक नव्या कामाआधी मी एक पोरखेळ मांडते. एकच ठिकाण. एकच बिंदुस्रोत. त्यात एकाच आकाराचा भूकंप, समजा ६, आणि त्याचा वार्षिक दर ०.०१, म्हणजे सरासरी शंभर वर्षांत एक. खोली एक, प्रस्तरभंगाची दिशा एक, हादऱ्याचं सूत्रही एकच. ‘इन्व्हेस्टिगेशन टाइम’ ५०. आणि ‘ट्रंकेशन लेव्हल’ शून्य. या शून्याचा अर्थ असा, की सूत्राचा विखुरलेपणा विसरा, फक्त मध्यक धरा.

हे उत्तर रन लावायच्या आधीच कागदावर काढता येतं. पन्नास वर्षांत निदान एक भूकंप होण्याची शक्यता म्हणजे एक वजा ई चा उणे ०.५ वा घात, ०.३९३. मध्यकापेक्षा कमी असलेल्या हादऱ्याच्या प्रत्येक पातळीसमोर ती ओलांडली जाण्याची शक्यता ०.३९३ यायला हवी आणि मध्यकाच्या वर सरळ शून्य. वक्र नाहीच, एक पायरी. सीएसव्ही फाइल उघडा. तिथे रेखांश, अक्षांश, खोली आणि मग पातळ्यांची रांग असते. पायरी दिसली, की एवढं तरी नक्की ठरलं की दर, काळ आणि जागा तुम्हाला वाटतात तशाच यंत्रापर्यंत पोहोचल्या आहेत. पायरी भलत्या पातळीवर तुटली असेल, तर अंतर, खोली किंवा जमिनीचा व्हीएस३० (वरच्या तीस मीटरांतला कातरलहरींचा सरासरी वेग) तपासा.

मग ट्रंकेशन ३ करा, म्हणजे मध्यकाच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांपर्यंतचा विखुरलेपणा धरा. पायरीचा कडा वितळून उतार होतो आणि शेपूट उजवीकडे लांबत जातं. डावं टोक मात्र ०.३९३ लाच चिकटून राहतं. हे मी प्रशिक्षणवर्गात पडद्यावर दाखवते तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुज थांबते. संभाव्यतेचं हे सगळं प्रकरण शेवटी काय करतं, ते त्या दोन चित्रांत दिसतं. मध्यकावरून कधीच न दिसणारे मोठे हादरे विखुरलेपणामुळे हिशेबात येतात आणि लांब पुनरावृत्ती काळाला त्यांचंच राज्य असतं.

यानंतर एका वेळी एकच गोष्ट वाढवत न्यायची. एका आकाराऐवजी गुटेनबर्ग-रिश्टर. एका बिंदूऐवजी क्षेत्र. एका सूत्राऐवजी चार. प्रत्येक पायरीनंतर आकडा कुठल्या दिशेला हलायला हवा, ते वहीत आधी लिहायचं आणि मग एंटर दाबायचा. माझी निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. तिच्यात डावीकडे अपेक्षा आणि उजवीकडे उत्तर. दोन्हींत तफावत आलेल्या नोंदींखाली लाल रेघ. लाल रेघांची पानं मी सर्वांत जास्त वेळा उघडली आहेत.

त्यातली एक नोंद तुमच्यासाठी. एका मोठ्या प्रदेशाचा नकाशा मी एका बैठकीत दाखवला. मधोमध लाल पट्टा, अगदी एकसारखा. एक ज्येष्ठ गृहस्थ उठले आणि म्हणाले, “बाई, निसर्ग इतका समसमान वाटप कधीपासून करायला लागला?” पट्ट्यातला प्रत्येक बिंदू नेमका ०.५ होता. मी हादऱ्याच्या पातळ्यांची यादी ०.५ वर संपवली होती. हॅझार्ड कर्व्ह, म्हणजे प्रत्येक पातळी ओलांडली जाण्याची शक्यता दाखवणारा वक्र, तिथे तुटला होता. त्यापलीकडचं उत्तर हवं असलं, की नकाशावर यादीतली शेवटची पातळीच उमटते. दुसऱ्या टोकालाही हीच गंमत आहे. सर्वांत खालच्या पातळीची शक्यताच तुम्ही मागितलेल्या शक्यतेपेक्षा कमी असेल, तर नकाशात शून्य येतं. वाचणारा म्हणतो, इथे धोकाच नाही! म्हणून पातळ्या हाताने न लिहिता त्या समान पटीने पसरवणारं ‘लॉगस्केल’ वापरा: ०.००५ पासून २ पर्यंत तीसेक. त्या दिवशी बैठकीत मी काय उत्तर दिलं ते वहीत लिहिलेलं नाही.

प्रश्न : लॉजिक ट्रीमध्ये (अनिश्चित गोष्टींचे पर्याय फांद्यांसारखे मांडतात त्यात) मी दहाही स्रोतांसाठी कमाल भूकंपाचे तीन-तीन पर्याय दिले, हादऱ्याची चार सूत्रं दिली. लॅपटॉप गोठला. जास्त मेमरी घ्यावी का?

मेमरी घेण्याआधी गुणाकार करा. प्रत्येक स्रोताचे तीन पर्याय एकमेकांपासून स्वतंत्र ठेवलेत, तर तीनाचा दहावा घात, ५९,०४९. गुणिले चार, २,३६,१९६ फांद्या. आणि ‘नंबर ऑफ लॉजिक ट्री सॅम्पल्स’ शून्य ठेवलंय तुम्ही. शून्य म्हणजे ‘काही नको’ असं वाटतं, पण इथे त्याचा अर्थ ‘सगळ्या फांद्या चाला’ असा आहे. तिथे हजार घाला आणि ‘रँडम सीड’ ठरावीक ठेवा, म्हणजे उद्या रन लावलात तरी तेच हजार नमुने पडतील. त्याहून आधी मात्र स्वतःला विचारा: दहाही स्रोतांचा कमाल भूकंप खरोखर एकमेकांशी असंबद्ध आहे का? शेजारच्या स्रोतांबद्दल आपलं अज्ञान बहुतेक वेळा एकाच कारणाने असतं. तीन पर्याय सगळ्यांना एकत्र लावलेत, तर फांद्या बारा होतात. हा प्रश्न भूशास्त्राचा आहे, लॅपटॉपचा नाही.

बाकीचा भार जाळीत असतो. जाळीचं अंतर १० किलोमीटरवरून ५ केलंत, की ठिकाणं चौपट. क्षेत्रीय स्रोताची फोड निम्म्या अंतरावर आणलीत, की त्यातले बिंदूही चौपट. दोन्ही केलंत तर सोळापट, आणि उत्तरात फरक कदाचित तिसऱ्या दशांशस्थळी. आधी थोडीच ठिकाणं घेऊन बघा. ‘ओक्यू_सॅम्पल_साइट्स’ हे मोठ्या अक्षरांतलं पर्यावरण-चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) ०.०१ ठेवून तीच आज्ञा दिली, की शंभरातलं एखादंच ठिकाण घेतलं जातं. रन पार पडतो का आणि अंदाजे किती वेळ लागेल, एवढं त्यातून कळतं.

प्रश्न : दूरच्या सर्व्हरवर रात्री रन लावला, लॅपटॉप मिटून झोपलो. सकाळी बघतो तर गणना अर्ध्यावर मेलेली.

लॅपटॉप मिटलात तेव्हाच ती मेली. टर्मिनल तुटलं, की त्याच्या पोटातलं काम त्याच्याबरोबर जातं. आधी ‘टीमक्स’ उघडा, रन त्याच्या आत लावा, मग तो बंद न करता त्यापासून अलग व्हा (‘डिटॅच’) आणि खुशाल झोपा. ‘--लॉग-फाइल’ देऊन नोंदी एका फाइलमध्येही सोडा. सकाळी ‘ओक्यू इंजिन --एलएचसी’ दिलं, की झालेल्या गणनांची यादी येते. ‘--एलओ’ आणि गणनेचा क्रमांक दिला की तिचे निकाल, ‘--ईओएस’, क्रमांक आणि फोल्डर दिलं की ते सगळे बाहेर काढून मिळतात. यादी बघायचा कंटाळा असेल, तर क्रमांकाच्या जागी उणे एक. म्हणजे शेवटची गणना.

प्रश्न : मला यातलं काही चालवायचं नाही, लेख मात्र आवडीने वाचतो. ४७५ वर्षांचा भूकंप म्हणजे एक होऊन गेला की पुढची पावणेपाचशे वर्षं निवांत?

नाही हो. हा आकडा कुणी भूकंप मोजून आणलेला नाही, तो उलट्या बाजूने आलाय. पन्नास वर्षांत दहा टक्के शक्यता, एवढीच मर्यादा धरली आणि ती वार्षिक दरात बदलली, तर दर निघतो ४७५ वर्षांत एक. दोन टक्के धरले की २४७५. हे गणित काल काय झालं ते लक्षात ठेवत नाही, म्हणून काल हादरा बसला असला तरी उद्याची शक्यता तीच. आणि पूर्ण ४७५ वर्षं वाट पाहिलीत तरी तो हादरा ओलांडला जाण्याची शक्यता ६३ टक्केच. शंभर नाही. निवांतपणा दोन्हीकडून गेला.

प्रश्न : आजच्या काळात बटणं दाबून काम का होत नाही? काळ्या खिडकीचा हा हट्ट कशासाठी?

बटणंही आहेत. ‘ओक्यू वेबयूआय स्टार्ट’ दिलं, की ब्राउझरमध्ये पान उघडतं. नवशिक्याने तिथूनच सुरुवात केली तरी माझी हरकत नाही. पण सहा महिन्यांनी कुणी विचारलं, की हा आकडा कसा आला, तर बटण दाबणाऱ्याला आठवावं लागतं. मी जॉब फाइल, तिच्या सोबतच्या एक्सएमएल फाइली आणि आवृत्तीचा क्रमांक पुढे करते. तो माणूस त्याच्या यंत्रावर तीच एक ओळ देतो आणि माझ्या आकड्यापर्यंत पोहोचतो. पोहोचला नाही, तर आमच्यात बोलण्यासारखं काहीतरी आहे. अभियंते कॉर्नेल यांनी १९६८ साली भूकंपधोक्याची ही संभाव्यतेची पद्धत मांडली, ती चालवणारा मॅग्वायर यांचा फोरट्रानमधला ‘ईक्यूरिस्क’ प्रोग्रॅम १९७६ चा. तेव्हापासून घाट हाच आहे: आधी इनपुट लिहून काढा, मग यंत्राला द्या.

प्रश्न : डिस्क भरत चालली आहे. जुन्या गणना काढून टाकल्या तर चालतील का?

चालतील. प्रत्येक गणनेची एक एचडीएफ५ फाइल ‘ओक्यूडेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये साठत जाते आणि मोठ्या कामाची फाइल चांगलीच फुगते. पण ती हाताने पुसू नका. क्रमांकांची नोंद वेगळ्या डेटाबेसमध्ये असते, मग यादीत गणना दिसते आणि उघडायला गेलं की नसते. ‘ओक्यू इंजिन --डिलीट-कॅल्क्युलेशन’ आणि क्रमांक अशी आज्ञा द्या. ते एकदा विचारतं, नक्की ना? मी ४७ काढायला बसले होते, टाइप केलं ७४. त्याने विचारलं. मी सवयीने ‘वाय’ दाबलं.